आधी कुणाची लस?

माझी भाची पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. बाळ दीड महिन्याचं झालं तसं आम्ही त्याला घेऊन गावातल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. लसीकरणाचं कार्ड हातात पडलं. छान रंगीत, वर गुबगुबीत बाळाचा फोटो. पण आतल्या तक्त्यात काही लसींपुढे चांदणी छापलेली होती. खाली बारीक अक्षरात खुलासा: ऐच्छिक. म्हणजे परवडत असेल तर घ्या. भाचीच्या सासूबाई चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण नजर एकदम पक्की. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "विहीणबाई, ज्याला चांदणीवाली सुई परवडत नाही, त्याच्या पोराला तो आजार होत नाही का?"

मैत्रिणींनो, मी तालुक्याच्या कॉलेजात २६ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. इतका नेमका प्रश्न एकाही विद्यार्थ्याने कधी विचारला नव्हता! आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. लस परवडणं न परवडणं ही नंतरची गोष्ट. आधी ती लस तयार तर व्हायला हवी. जगात आजार शेकडो. त्यातल्या कोणत्या आजारावर लस शोधायची, कोणत्या आजाराला "नंतर बघू" म्हणायचं, हे कोण ठरवतं? दुकानदार गिऱ्हाईक बघून माल भरतो, हे आपल्याला माहीत आहे. लसींच्या बाबतीत बरीच वर्षं तसंच चालत आलं. ज्या आजाराचं गिऱ्हाईक गरीब, त्याचा माल बाजारात नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आफ्रिकेतलं आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या पुण्यात येऊन पोचतो.

आफ्रिकेच्या नकाशावर पश्चिमेला सेनेगल आणि पूर्वेला इथिओपिया. या दोघांच्या मध्ये सहारा वाळवंटाच्या खालून एक पट्टा जातो. त्याला 'मेनिंजायटिस बेल्ट' असंच नाव पडलेलं आहे. त्यात २६ देश येतात. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. ताप, मान ताठ, उलट्या, मग झटके. औषध वेळेवर नाही मिळालं तर एक-दोन दिवसांत खेळ खलास. जी मुलं वाचतात त्यातल्या साधारण १० ते २० टक्क्यांना कायमचं काहीतरी चिकटतं, कुणाला बहिरेपण, कुणाला मेंदूची इजा. डिसेंबर ते जून हा तिकडचा कोरडा हंगाम. वाळवंटातून गरम, धुळीचा वारा सुटतो, घसे सोलवटतात, आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. आपल्याकडे पावसाळा आला की आई पाणी उकळायला लागते, तशी तिकडच्या आयांना वारा सुटला की धडकी भरते. मुलांची शाळा बंद, लग्नं पुढे ढकललेली, बाजाराला जायचं तर जीव मुठीत धरून.

१९९६-९७ च्या साथीत या पट्ट्यात अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि २५ हजार दगावले. यातली बहुतेक मुलं आणि तरुण.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा लस नव्हती का? होती. पण जुन्या पद्धतीची. साथ सुरू झाली की पळापळ करून टोचायची. दोन वर्षांखालच्या बाळांवर तिचा फारसा उपयोग नाही, मोठ्यांनाही दोन-तीन वर्षांपुरतीच पुरायची. घराला आग लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार.

याचं कारण थोडं समजून घेऊ, अवघड नाही. या जंतूच्या अंगावर साखरेसारख्या पदार्थाचं एक आवरण असतं. जुनी लस म्हणजे नुसती ती साखर. लहान बाळाच्या शरीराला ही साखर शत्रू म्हणून ओळखूच येत नाही. मग शास्त्रज्ञांनी युक्ती केली. ही साखर एका प्रथिनाला जोडून द्यायची. प्रथिन दिसलं की बाळाचं शरीर सावध होतं, आणि त्याच्याबरोबर आलेली साखरही लक्षात ठेवतं. आपण कडू गोळी गुळात घालून देतो ना, त्याच्या बरोबर उलटं! आणि हे प्रथिन अनेकदा कुठलं असतं माहितीये? धनुर्वाताच्या लसीतलं. तुम्ही-आम्ही गरोदरपणात जे टीटीचं इंजेक्शन घेतलं, तेच. अशा लसीला 'कॉंज्युगेट' म्हणजे जोडलस म्हणतात. ती बाळांनाही चालते, जास्त वर्षं टिकते, आणि मुख्य म्हणजे माणसाच्या घशात जंतूने ठाण मांडण्यालाही आळा घालते. त्यामुळे ज्याने लस घेतली नाही तोही थोडाफार वाचतो.

ही युक्ती तोवर सिद्ध झालेली होती. १९९९ मध्ये ब्रिटनने अशीच मेनिंजायटिसची जोडलस आपल्या मुलांना द्यायला सुरुवात केली. पण ती होती 'सी' प्रकारच्या जंतूवर, कारण ब्रिटनमध्ये 'सी'चा त्रास होता. आफ्रिकेत साथी यायच्या त्या 'ए' प्रकाराच्या. तंत्र तेच, जंतू सख्खे भाऊ. तरी 'ए'ची जोडलस कुणी बाजारात आणली नाही. ज्यांच्या पोरांना 'ए' होत होता त्यांच्याकडे पैसे नव्हते, एवढंच. विहीणबाईंच्या प्रश्नाचं हे जागतिक रूप.

आफ्रिकेतल्या देशांनी जागतिक आरोग्य संघटनेकडे तगादा लावला. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले आणि 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 'मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट' सुरू केला. त्याचे प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. या माणसाने जे आधी केलं ते मला फार आवडतं. प्रयोगशाळेत जाण्याआधी ते आफ्रिकेत गेले आणि तिथल्या आरोग्य खात्यांना विचारलं, तुम्हाला कशी लस हवी? उत्तर एका सुरात आलं. किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी. तेव्हाच्या हिशोबाने २३-२४ रुपये. नायजर देशाच्या आरोग्य खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तर स्पष्टच बजावलं की, आम्हाला परवडणार नाही अशी लस आणू नका, त्यापेक्षा लस नसलेली बरी. मला हे ऐकून आपल्याकडची लग्नाची बोलणी आठवली. देण्याघेण्याचं आधी बोलून घ्या, मांडवात रुसवे नकोत!

पुढे बोलणी फिसकटलीच. मोठ्या विदेशी कंपन्यांना या भावात काम करायचं नव्हतं. २००२ मध्ये तो नाद सोडून लाफोर्स यांच्या लोकांनी वेगळीच वाट धरली. जंतूची साखर हॉलंडमधल्या एका कंपनीकडून घ्यायची. जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या सरकारी औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांकडून. आणि धनुर्वाताचं प्रथिन व प्रत्यक्ष लस बनवण्याचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. घोड्यांच्या व्यवसायात असलेल्या पूनावाला घराण्याने १९६६ मध्ये हडपसरला सुरू केलेली ही कंपनी. पूर्वी घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचं औषध काढत, तिथून तिची सुरुवात. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी ते अमेरिकन तंत्र शिकून घेतलं आणि अर्ध्या डॉलरच्या आत लस देण्याचा शब्द पाळला. एरवी नवी लस तयार करायला जो खर्च येतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी खर्चात हे झालं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण मला आज ज्याबद्दल लिहायचंय तो या गोष्टीतला वेगळाच क्षण आहे. लस ठरवताना एक मोठा पेच होता. मेनिंजायटिस करणारे जंतू एकाच प्रकारचे नाहीत. ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स. सगळ्यांवर चालणारी एक लस करायची, की फक्त 'ए'वर? सगळ्यांवरची केली तर किंमत चढणार, वर्षं वाढणार. फक्त 'ए'ची केली तर स्वस्त आणि लवकर, पण बाकीचे प्रकार मोकळे. साथींमध्ये 'ए'चा वाटा ८० टक्क्यांच्या वर होता.

हाच पेच मी आमच्या बचत गटाच्या मासिक मीटिंगमध्ये टाकला. मुद्दाम कुठल्या देशाचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, पैसे मर्यादित आहेत, तुम्हीच सांगा काय करायचं. कर्जाचा पहिला हप्ता कुणाला द्यायचा यावर दर महिन्याला भांडणाऱ्या बायका त्या! लगेच सरसावल्या. शिवणकाम करणारी एक म्हणाली, "बाई, आधी जास्त पेटलंय ते विझवा. उरलेलं नंतर." दुसरीने विचारलं, किती वर्षं जास्त लागतील? मी म्हटलं, दहा-बारा तरी. "मग तेवढ्या वर्षांत किती पोरं जातील त्याचा हिशोब मांडला का कुणी?" बहुमत 'ए'च्या बाजूने झालं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक जण, जिचा स्वतःचा मुलगा लहानपणीच तापाने गेला, ती हळूच म्हणाली, "आणि ज्याचं पोर सीनं जाईल, त्या आईला काय सांगायचं?"

कुणाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

प्रत्यक्षातही 'ए'चीच लस करायचं ठरलं. तिचं नाव मेनआफ्रिव्हॅक. भारतात, माली, गांबिया, सेनेगल इथे चाचण्या झाल्या. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासो या देशात मोठी मोहीम सुरू झाली. वय वर्षं १ ते २९. दहा दिवसांत जवळजवळ १ कोटी १० लाख लोकांना टोचलं. आपल्याकडच्या पोलिओ रविवारचा अनुभव असलेल्या बायकांना यामागची धावपळ वेगळी सांगायला नको. चाड देशात २०१२ च्या हंगामात लस दिलेल्या भागात मेनिंजायटिसचं प्रमाण न दिलेल्या भागापेक्षा ९४ टक्क्यांनी कमी निघालं. आजवर ३५ कोटींहून जास्त लोकांना ही लस मिळाली आहे, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' प्रकाराचा एकही पक्का रुग्ण नोंदला गेलेला नाही असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण ती फ्रीज आणि लोडशेडिंग दोन्ही ओळखणाऱ्या बायकांनाच कळेल. लस म्हटलं की बर्फाचा डबा आलाच. खेड्यात लस पोचवताना अर्धा जीव त्या बर्फात अडकतो. २०१२ मध्ये या लसीला परवानगी मिळाली की शेवटच्या टप्प्यात ती ४० अंशांपर्यंतच्या उन्हात चार दिवस बर्फाशिवाय चालेल. बेनिन देशात त्याच वर्षी दीड लाखांवर लोकांना अशी बर्फाविना नेलेली लस देण्यात आली. म्हणजे लस कोणत्या आजारावर हवी एवढंच ठरवून भागत नाही, ती कोणाच्या डोक्यावरून, कोणत्या रस्त्याने, किती उन्हात जाणार आहे तेही आधी ठरवायला लागतं. ज्या देशात लस बनते तिथे ए.सी. गाड्या असतात, म्हणून हा मुद्दा तिकडे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि मग आमच्या गटातल्या त्या बाईचा प्रश्न खरा ठरला. २०१५ मध्ये नायजरमध्ये 'सी' प्रकाराची साथ आली, साडेआठ हजारांवर लोक आजारी. २०१७ मध्ये नायजेरियात १४ हजारांवर संशयित रुग्ण आणि अकराशेवर मृत्यू. तेव्हा 'सी'वरची लस जगात होती, पण आफ्रिकेला पुरेशी नव्हती आणि परवडणारीही नव्हती. पुन्हा पळापळ, पुन्हा आग लागल्यावर विहीर.

मग २००१ चा तो निर्णय चुकला का? मला नाही तसं वाटत. दहा-बारा वर्षं थांबून सगळ्यांवरची लस आणली असती, तर त्या काळात 'ए'ने किती घरं उजाड केली असती याचा अंदाज १९९६-९७ वरून येतो. पण निर्णय बरोबर असला तरी त्याची किंमत कुणीतरी मोजली, हे विसरून चालणार नाही. चांगली गोष्ट अशी की पहिली लस आली म्हणून कुणी हात झटकून बसलं नाही. सीरम आणि पाथ यांनी ब्रिटन सरकारच्या पैशातून पाचही प्रकारांवरची एकच लस करायला घेतली. त्याला १३ वर्षं लागली. 'एक्स' प्रकारावर तर त्याआधी जगात लसच नव्हती. जुलै २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये नायजेरिया हा ती देणारा जगातला पहिला देश ठरला. ब्रिटन नाही, अमेरिका नाही, नायजेरिया. लसींच्या इतिहासात असं क्वचितच झालंय.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणवाडीतली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला तोंडात थेंब टाकतात ना, रोटाव्हायरसचे? रोटाव्हायरस म्हणजे लहान बाळांना होणाऱ्या भयंकर जुलाबांचं मोठं कारण. भारतात ही लस नसताना पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं दरवर्षी याने जात होती असा अंदाज आहे.

या लसीची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये अमेरिकेत आली. वर्षभरात, १९९९ मध्ये, बंदही झाली. कारण असं की साधारण दहा हजारांत एका बाळाला आतड्याचा गंभीर त्रास झाला. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो, शर्ट काढताना बाही आत ओढली जाते तसा. अमेरिकेत रोटाव्हायरसने वर्षाला २० ते ६० बाळं दगावत. त्यांच्या दृष्टीने लसीचा धोका फायद्यापेक्षा जड झाला, त्यांनी ती थांबवली. अगदी बरोबर. पण त्याच वेळी जगात दरवर्षी चार लाखांहून जास्त मुलं याच जुलाबांनी मरत होती. तिथे तराजूचं पारडं पूर्ण उलटं होतं! जिनिव्हात यावर चर्चा झाली. पण जी लस अमेरिकेने आपल्या मुलांसाठी नाकारली, ती आम्ही आमच्या मुलांना कशी द्यायची, असा प्रश्न गरीब देशांच्या सरकारांपुढे उभा राहिला. लोक काय म्हणतील? अमेरिकेला नको ते आमच्या गळ्यात? मला हा प्रश्न पटतो. अपमान हाही खरा असतो. आणि तरी हिशोब मांडला की पोटात खड्डा पडतो. सगळ्या देशांनी रोटाव्हायरसची लस द्यावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली ती २००९ मध्ये. दहा वर्षं गेली. दरवर्षी चार लाख, गुणिले दहा... सगळी वाचली नसती हे मान्य, पण गुणाकार करायला हात धजत नाही.

आपल्या लसीची कथा मात्र सुंदर आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या वॉर्डात डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही बाळांना रोटाव्हायरसची लागण झालीय, पण जुलाब नाहीत. तो विषाणू निसर्गतःच नरम होता. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जपून ठेवला, त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, हैदराबादची भारत बायोटेक आणि परदेशातल्या संस्था एकत्र आल्या, आणि त्यातून 'रोटाव्हॅक' तयार झाली. भाव ठरला एका डोसला एक डॉलर. ६,७९९ बाळांवर मोठी चाचणी झाली, दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचं वढू. खेड्यातल्या आयांनी बाळांना घेऊन फेऱ्या मारल्या, म्हणून आज देशभर थेंब मिळतात. त्या आयांची नावं कुठेच छापून आली नाहीत.

निकाल आला, पहिल्या वर्षात गंभीर जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण. हे वाचल्यावर आमच्या कॉलेजातल्या एका सहकारी बाई म्हणाल्या होत्या, "छप्पन्न? परीक्षेत तर सेकंड क्लास!" खरंय. श्रीमंत देशांतल्या मुलांना विदेशी रोटा लसी ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळवून देतात. पण त्याच विदेशी लसी आफ्रिका-आशियातल्या गरीब मुलांना दिल्या तर त्यांचेही गुण ४० ते ६० वर येतात. पोटातले इतर जंतू, कुपोषण अशी कारणं शास्त्रज्ञ देतात. म्हणजे लस कच्ची नव्हे, पेपर अवघड आहे. ७८ हजारांतली निम्मी जरी वाचली तरी सेकंड क्लास मला चालेल. २०१६ मध्ये हिमाचल, हरियाणा, ओडिशा आणि आंध्रात सुरुवात झाली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. आता हे थेंब चांदणीवाले राहिले नाहीत.

न्यूमोनियाच्या लसीची कहाणी मी थोडक्यात सांगते, ती मला तितकीशी आवडत नाही. कंपन्यांना गरीब देशांसाठी लस करायला भाग कसं पाडायचं? अर्थतज्ज्ञांनी तोडगा काढला तो आपल्या भाषेत विसार देण्याचा. लस करा, आम्ही इतक्या भावाने इतकी घेऊ, हा घ्या शब्द. २००९ मध्ये इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे हे देश आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून दीडशे कोटी डॉलरचा असा विसार दिला. कल्पना छान. गरीब देशांतल्या लाखो मुलांना लस मिळाली हेही खरं. पण पैशांचा मोठा वाटा ज्या दोन बड्या कंपन्यांकडे लस आधीच तयार होती त्यांच्याकडेच गेला, आणि भावही चढाच राहिला अशी टीका झाली. ती मला रास्त वाटते. विसार नवं घर बांधणाऱ्याला द्यायचा की बांधून तयार असलेलं विकणाऱ्याला? शेवटी २०१९ मध्ये पुण्याच्याच कंपनीची न्यूमोनियाची लस मान्य झाली, दोन डॉलरच्या आसपास. आपल्या सरकारी यादीत ही लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर आली.

आता आजची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १७ जंतूंची यादी प्रसिद्ध केली. यांच्यावर नवी लस आधी हवी, अशी. यात महत्त्वाचं हे की जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या तज्ज्ञांना विचारलं गेलं, तुम्हाला काय जास्त महत्त्वाचं वाटतं? पाच वर्षांखालचे मृत्यू की औषधांना दाद न देणारे जंतू? क्षयरोगाचा जंतू जवळपास सगळ्यांच्याच यादीत आला. क्लेबसिएला नावाचा एक जंतू आहे. गरीब देशांत नवजात बाळांच्या रक्तात जंतुदोष होऊन जे मृत्यू होतात त्यातले ४० टक्के याच्या नावावर. जिल्हा रुग्णालयात बाळ काचेच्या पेटीत ठेवलेल्या आयांना हे नाव माहीत नसेल, पण आजार माहीत आहे.

आणि एक नाव, जे मला आपल्या पुरवणीत मुद्दाम लिहायचंय. 'ए' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, गुळण्या करून बरा होतो. पण काही मुलांमध्ये पुढे सांधे सुजतात आणि हळूहळू हृदयाची झडप खराब होते. या हृदयविकाराने जगात वर्षाला २ लाख ८० हजार मृत्यू होतात, बहुतेक गरीब देशांत. बायकांमध्ये हा आजार जास्त. आणि कितीदा तरी तो पहिल्यांदा कळतो तो बाळंतपणात, जेव्हा धाप लागायला लागते आणि घरचे म्हणतात, दिवस गेलेत, दम लागणारच. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला, त्यामुळे त्याच्या लसीची घाई कुणालाच नव्हती. यादीत आला, हे चांगलं झालं. पण यादीत येणं म्हणजे लस येणं नव्हे.

कारण शेवटी पैसे. गरीब देशांना लसी मिळवून देणारी 'गावी' नावाची आंतरराष्ट्रीय संस्था २००० पासून काम करते. दर पाच वर्षांनी ती बसून ठरवते, पुढे कोणत्या लसींसाठी पैसा ठेवायचा. २०२४ च्या यादीत क्षयरोग, डेंग्यू, नवजात बाळांना होणारा 'बी' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस अशी नावं होती. पण जून २०२५ मध्ये ब्रुसेल्सला देणगीदारांची बैठक झाली तेव्हा गरज सुमारे १,१९० कोटी डॉलरची होती, आणि कबूल झाले ९०० कोटींच्या थोडे वर. अमेरिकेने हात आखडता घेतला. घरात पगार कमी आला की यादीवर पेन्सिल फिरते ना? किराणा राहतो, साडी जाते. इथे साडी म्हणून कुणाची लस खोडायची?

क्षयाचं मला विशेष वाटतं. बीसीजी ही एकच लस, १९२१ पासूनची. शंभर वर्षं उलटली. बाळांना ती थोडंफार वाचवते, पण कमावत्या वयातल्या माणसाला, घरात सगळ्यांचं उरकून शेवटी जेवणाऱ्या बाईला तिचा फारसा आधार नाही. एम-७२ नावाची नवी लस एका कंपनीकडे होती. केनिया, झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या चाचणीत तिने साधारण ५० टक्के संरक्षण दाखवलं, हे २०१८-१९ मध्येच प्रसिद्ध झालं. तरी कंपनी पुढच्या मोठ्या चाचणीकडे वळली नाही. २०२० मध्ये तिचे हक्क गेट्स फाउंडेशनच्या संशोधन संस्थेकडे गेले, आणि मोठी चाचणी सुरू व्हायला मार्च २०२४ उजाडला. सात देश, २० हजारांपर्यंत माणसं, वय १५ ते ४४. काही वर्षं लागणार हे सुरुवातीपासूनच ठरलेलं आहे.

हे सगळं मी गटाच्या पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं. शिवणकाम करणारीने लगेच विचारलं, "बाई, ही लस निघाली, तर एक डोस केवढ्याला?" म्हटलं, अजून भाव ठरलेला नाही. "मग आधी भाव ठरवून घ्या म्हणावं," ती म्हणाली आणि हप्त्याची वही उघडली.